सर्व्हरवरील जागेचा प्रश्न आणि जुन्या पॅकेजेसची सफाई

महाविद्यालयांतील संगणकीकरणाविषयी आपण बोलतो तेव्हा बहुधा खरेदीविषयी बोलतो. किती संगणक घेतले, कोणते सॉफ्टवेअर बसविले, ग्रंथालयातील किती पुस्तकांची नोंद झाली, याचे अहवाल तयार होतात. बसविलेल्या यंत्रणेची देखभाल मात्र कोणत्याही अहवालात येत नाही. कम्युनिटी कॉलेजसारख्या लहान संस्थांत स्वतंत्र तंत्रज्ञ नेमण्याइतकी तरतूद नसते, आणि संगणकाची थोडीफार आवड असलेल्या एखाद्या प्राध्यापकाकडे सर्व्हरची जबाबदारी सोपविली जाते. तो प्राध्यापक वाणिज्याचा असेल, उर्दूचा असेल, मराठीचाही असेल. प्रस्तुत लेख अशा प्राध्यापक बंधू-भगिनींसाठी आहे. विषय मर्यादित आहे. लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरची डिस्क भरली असता जुनी झालेली सिस्टिम पॅकेजेस काढून जागा कशी मोकळी करावी, आणि त्या वेळी कशाला हात लावू नये, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

आज्ञांविषयी आधी एक खुलासा. संगणकाला द्यावयाच्या आज्ञा या लेखात उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. प्रत्यक्षात त्या लहान रोमन अक्षरांत टंकाव्या लागतात. प्रयोगशाळेतील कोणीही सहायक त्या ओळखेल. डेबियन आणि त्यावर आधारलेली उबुंटू या प्रणाली समोर ठेवून हे विवेचन केले आहे. न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयासाठी तयार झालेले आणि जानेवारी २००० मध्ये वापरात आलेले कोहा हे ग्रंथालय सॉफ्टवेअर बहुधा याच प्रणालींवर बसविले जाते. सी-डॅकची बॉस ही भारतीय प्रणालीही डेबियनवरच उभी आहे. त्यामुळे तेथेही हीच पद्धत लागू पडते.

डिस्क भरल्याची लक्षणे

डिस्क भरली आहे, असे सर्व्हर वापरणाऱ्याला सरळ सांगत नाही. मूडलवर विद्यार्थी योग्य पासवर्ड टाकतो, तरी लॉगिनचेच पान पुन्हा समोर येते. कारण प्रवेश दिल्याची जी छोटी नोंद सर्व्हरला लिहून ठेवावी लागते, ती लिहायला जागाच उरलेली नसते. कोहामध्ये पुस्तक परत घेतल्याची नोंद मध्येच अडकते. मागे काम करणारा मारियाडीबी हा डेटाबेस जागा होण्याची वाट पाहत थांबतो, आणि ग्रंथपालांना वाटते की नेटवर्क बिघडले. प्रवेशाच्या किंवा निकालाच्या दिवसांत असे घडले तर पहिला ठपका विद्यार्थ्याच्या पासवर्डवर येतो, दुसरा वायरिंगवर. डिस्ककडे लक्ष जाईपर्यंत अर्धा दिवस गेलेला असतो.

म्हणून अशी तक्रार आली की प्रथम ‘डीएफ -एच’ ही आज्ञा द्यावी. डिस्कच्या प्रत्येक विभागात एकूण जागा किती, वापरलेली किती व बाकी किती, याचा जमाखर्च ती मांडते. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मुख्य विभागात भरपूर जागा असूनही ‘बूट’ हा छोटा विभाग शंभर टक्के भरलेला असू शकतो. तसे असेल तर दुखणे बहुधा जुन्या कर्नेलचे आहे, हे तेथेच कळते.

जागा संपली हे कळल्यावर घाईत जे केले जाते, ते मला अधिक काळजीचे वाटते. माणूस सर्वांत मोठ्या फाईली शोधू लागतो. आणि आपल्या संस्थांच्या सर्व्हरवर सर्वांत मोठ्या फाईली कोणत्या असतात? जुन्या उर्दू नियतकालिकांची स्कॅन केलेली पाने, व्याख्यानांची ध्वनिमुद्रणे, मागील वर्षांचे बॅकअप. त्या पुसल्या की क्षणात वीस-पंचवीस जीबी मोकळे होतात आणि सर्वांना हायसे वाटते. परंतु ही पाने पुन्हा मिळण्याची खात्री नसते. ज्या प्रतीवरून स्कॅन झाले तिची शिवण कदाचित त्याच वेळी उसवलेली असते, कागद पिवळा पडून तुटत असतो. याउलट सिस्टिम पॅकेजेसच्या प्रती अनेक देशांतील सर्व्हरवर ठेवलेल्या असतात. एखादे चुकून निघाले तरी इंटरनेट सुरू असेल तर काही मिनिटांत परत बसविता येते. जे परत मिळते ते आधी काढावे, आणि जे मिळत नाही त्याला घाईच्या दिवशी हात लावू नये, हा क्रम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

‘रद्दी’ हा शब्द मराठीत अरबी ‘रद्द’पासून आला. मूळ अर्थ फेटाळणे, परत करणे असा आहे. जीर्ण होण्याशी त्याचा संबंध नाही. नव्वद वर्षांपूर्वीचा अंक जुना असतो, रद्दी नसतो. सहा महिन्यांपूर्वीचे कर्नेल, ज्याची जागा दुसऱ्याने घेतली आहे, ते मात्र खऱ्या अर्थाने रद्दी आहे.

पॅकेजेस साचतात का?

पॅकेज म्हणजे एखाद्या प्रोग्रामचे गाठोडे. त्यात प्रोग्रामच्या फाईली असतात, आणि तो चालण्यासाठी आणखी कोणकोणती पॅकेजेस लागतात याची यादीही असते. लग्नाचे आमंत्रण एकाला द्यावे आणि त्याच्याबरोबर पाच जण यावेत, तसे हे आहे. ‘एपीटी’ हा पॅकेजेसचा कारभारी आपल्या वहीत दोन प्रकारच्या नोंदी ठेवतो : कोणाला आपण नाव घेऊन बोलावले आणि कोण सोबत आले. पुढे मूळ पाहुणा निघून गेला तरी सोबतची मंडळी मांडवातच बसून राहतात. ‘एपीटी ऑटोरिमूव्ह’ या आज्ञेने वही तपासली जाते, आणि ज्यांना आता कोणीही आधारासाठी धरलेले नाही अशा, सोबत आलेल्या पॅकेजेसना निरोप दिला जातो.

कर्नेलची गोष्ट थोडी वेगळी आहे. कर्नेल म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा; यंत्र आणि बाकीचे सर्व प्रोग्राम यांच्यामध्ये तो उभा असतो. इतर पॅकेजची नवी आवृत्ती आली की ती जुनीच्या जागी बसते. कर्नेलच्या प्रत्येक महत्त्वाच्या आवृत्तीचे पॅकेज मात्र वेगळ्या नावाने येते आणि जुन्याच्या शेजारी जाऊन बसते. हे हेतुपुरस्सर आहे. चालू असलेले कर्नेल पायाखालून काढून घेता येत नाही, आणि नवे कर्नेल एखाद्या यंत्राशी जुळले नाही तर जुन्यावर परत जाण्याची वाट मोकळी असावी लागते. सुरक्षेच्या दुरुस्त्या सतत येत असल्याने वर्षभरात अशा कितीतरी आवृत्त्या जमतात. एका आवृत्तीमागे मोड्यूल्स आणि हेडर्स धरून काही शे एमबी जातात. त्यांपैकी यंत्र सुरू होताना लागणारी ‘इनिटआरडी’ ही एकच फाईल पन्नास ते शंभर एमबीची, कधी त्याहून मोठी असते, आणि ती ‘बूट’ विभागातच राहते. जुन्या इन्स्टॉलेशनमध्ये या विभागाला जेमतेम अर्धा जीबी दिलेला आढळतो. चार-पाच कर्नेल जमली की विभाग भरतो.

यातला खरा धोका जागेपुरता नाही. सर्व्हर महिनोन्महिने बंद न करता चालविला जातो. नवी कर्नेले येऊन बसतात, पण यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत चालते ते जुनेच. मध्येच कधीतरी ‘बूट’ विभाग भरतो आणि शेवटच्या कर्नेलची इनिटआरडी तयार होता होता अर्धवट राहते. चालू कामावर याचा काहीच परिणाम दिसत नाही. हुबळी आणि धारवाड यांच्यामध्ये असलेल्या आमच्या नवनगरात वळवाचा पाऊस सुरू झाला की वीज जाणे नवलाचे नाही. वीज जाते, यूपीएसची बॅटरी संपते, सर्व्हर बंद पडतो. वीज आल्यावर तो सर्वांत नव्या, म्हणजे नेमक्या त्या अर्धवट कर्नेलवर सुरू होऊ पाहतो आणि काळ्या पडद्यावर थांबतो. डेटा सुरक्षित असतो, पण तेथे पोहोचता येत नाही. अशा वेळी सुरुवातीच्या ग्रब या मेनूतून मागील कर्नेल निवडले की यंत्र सहसा उठते. म्हणून जुनी कर्नेले काढताना चालू असलेले आणि त्याशिवाय आणखी एक चालून दाखविलेले, अशी दोन तरी नेहमी शिल्लक ठेवावीत.

सफाईचा क्रम

सफाईआधी एक ताजा बॅकअप घेऊन तो दुसऱ्या यंत्रावर ठेवावा, हे सांगण्याची गरज नसावी. त्यानंतर ‘युनेम -आर’ ही आज्ञा द्यावी. सध्या कोणते कर्नेल चालू आहे हे ती सांगते. नवे कर्नेल येऊन बसले असूनही यंत्र जुन्यावरच चालत असेल, आणि ‘बूट’ विभाग भरलेला नसेल, तर सुटीच्या दिवशी, कोणी काम करीत नसताना, सर्व्हर आधी पुन्हा सुरू करावा. अनेक जण आधी सफाई करतात आणि मग पुन्हा सुरू करतात. माझ्या मते उलटा क्रम बरा. नवे कर्नेल प्रत्यक्ष चालले याची खात्री झाल्यावरच जुन्याला निरोप द्यावा. ‘बूट’ भरलेला असेल तर मात्र पुन्हा सुरू करू नये; त्याचा उपाय पुढे दिला आहे.

पहिले आणि पूर्णपणे निर्धोक पाऊल म्हणजे ‘एपीटी क्लीन’. पॅकेजेस उतरवून घेतल्यावर त्यांची मूळ गाठोडी ‘व्हार’ या फोल्डरातील ‘कॅश’मध्ये पडून राहिलेली असतात. बसविण्याचे काम झाल्यावर त्यांचा काही उपयोग नसतो. ही आज्ञा तेवढीच गाठोडी काढते, बसविलेल्या कशालाही स्पर्श करीत नाही. बराच काळ कोणी लक्ष दिले नसेल तर एवढ्यानेच एखादा जीबी सुटतो. उबुंटू १६.०४ पासून ‘एपीटी’ने बसविलेली गाठोडी काम झाल्यावर आपोआप पुसली जातात, पण आपोआप सुधारणा करणारी यंत्रणा आणि जुनी ‘एपीटी-गेट’ ही आज्ञा त्या ठेवू शकतात.

दुसरे पाऊल ‘एपीटी ऑटोरिमूव्ह’, परंतु प्रथम ‘एपीटी -एस ऑटोरिमूव्ह’ अशा रूपात. मधल्या ‘एस’मुळे प्रत्यक्ष काहीच काढले जात नाही, काय काढले जाईल त्याची यादी फक्त दाखविली जाते. ही यादी वाचणे हेच या सर्व कामातील मुख्य काम आहे, आणि ते संगणकशास्त्राच्या पदवीविना करता येते. यादीत जुन्या कर्नेलची इमेज, मोड्यूल्स, हेडर्स अशी नावे दिसली आणि त्यांचे आकडे ‘युनेम’ने दाखविलेल्या आकड्यांहून वेगळे असले, तर पुढे जाण्यास हरकत नाही. चालू कर्नेल आणि सर्वांत नवे कर्नेल ‘एपीटी’ स्वतःहून राखून ठेवते.

यादीत आपण रोज वापरतो असे नाव दिसले तर मात्र थांबावे. असे होण्याचे एक नेहमीचे कारण आहे. माउसने काम करता यावे म्हणून आपल्याकडे सर्व्हरवरही पूर्ण डेस्कटॉप बसविलेला असतो, लिब्रेऑफिससह. त्याचे काही जीबी होतात, आणि ते काढण्याचा विचार योग्यच आहे. पण डेस्कटॉप काढला की त्याच्यासोबत आलेली शेकडो पॅकेजेस एकाच वेळी निराधार ठरतात. त्यांत ‘नेटवर्क मॅनेजर’ असू शकतो. सर्व्हरचे नेटवर्क त्याच्याकडे सोपविलेले असेल, तर सफाई पुरी झाल्यावर आणि पुढच्या वेळी यंत्र सुरू झाल्यावर सर्व्हर नेटवर्कवरून नाहीसा झालेला असेल.

दुसरी जोखीम आपल्या, म्हणजे भाषांच्या शिक्षकांच्या, अधिक जवळची आहे. फाँटही पॅकेजेसच असतात. देवनागरीसाठी लोहित, ज्याची मूळ अक्षरे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने पुरविली आणि रेड हॅटने ती सर्वांसाठी खुली केली. उर्दूसाठी नोटो नस्तालीक. हे फाँट बहुतेकदा डेस्कटॉपच्याच वरातीत आलेले असतात. सर्व्हरवर प्रमाणपत्रे किंवा पुस्तकांच्या याद्या पीडीएफमध्ये तयार करणारा आपला प्रोग्राम ते वापरतो खरा, पण ‘एपीटी’च्या वहीत त्याची नोंद नसते. ‘एपीटी’च्या दृष्टीने ते निराधार ठरतात आणि जातात. मग इंग्रजी नावे नीट छापली जातात आणि मराठी-उर्दू नावांच्या जागी रिकामे चौकोन येतात. नस्तालीक गेला आणि दुसरा एखादा अरबी फाँट उरला तर चौकोनही दिसत नाहीत. उर्दू मजकूर नस्ख वळणात छापला जातो, आणि ज्याला उर्दू येत नाही त्या कारकुनाला काही बिघडले आहे हे कळतच नाही. उपाय सोपा आहे. ‘एपीटी-मार्क मॅन्युअल’ या आज्ञेपुढे फाँटच्या पॅकेजचे नाव लिहावे. वहीत त्याची नोंद ‘सोबत आलेला’ऐवजी ‘नाव घेऊन बोलावलेला’ अशी होते, आणि मग ऑटोरिमूव्ह त्याला हात लावत नाही. नेटवर्कसाठी लागणाऱ्या पॅकेजलाही हीच तजवीज करावी.

‘रिमूव्ह’ आणि ‘पर्ज’ यांतील भेदही येथेच सांगितला पाहिजे. रिमूव्हने प्रोग्राम जातो, त्याच्या मांडणीच्या फाईली राहतात. पर्जने त्याही जातात. जुन्या कर्नेलसाठी पर्ज योग्य आहे. डेटाबेसच्या बाबतीत मात्र मारियाडीबीचे पॅकेज पर्ज करताना, डेटाबेसही पुसावेत काय, असा प्रश्न पडद्यावर येतो. मोकळी होणारी जागा पाहून येथे कोणी ‘होय’ म्हटले, तर ग्रंथालयाचा संपूर्ण कॅटलॉग जातो. त्यामुळे सर्व जुन्या पॅकेजेसना एकदम पर्ज लावण्याची सवय सर्व्हरवर नसावी.

प्रश्न वाचण्याविषयी आणखी एक. चालू असलेलेच कर्नेल कोणी काढू लागले तर डेबियन व उबुंटू इशारा देतात आणि विचारतात की काढण्याचे काम रद्द करावे काय. येथे ‘होय’ म्हणजे काढू नका, आणि ‘नाही’ म्हणजे काढा. घाईत वाचणाऱ्याला हे उलटे वाटते.

हाताने फाईली पुसणे

‘बूट’ विभागात जाऊन जुन्या फाईली ‘आरएम’ने पुसून टाकण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. तो मानू नये. फाईल पुसली तरी ‘एपीटी’च्या वहीत ते पॅकेज बसविलेलेच राहते, ग्रबच्या मेनूत त्या कर्नेलचे नावही राहते, आणि पुढच्या वेळी मेनू अस्तित्वात नसलेल्या फाईलकडे बोट दाखवितो. पॅकेजच्या मार्गाने काढले की मेनूही आपोआप नवा होतो.

अडचण तेव्हा येते, जेव्हा ‘बूट’ पूर्ण भरल्याने ‘एपीटी’ स्वतःच अडून बसते. अर्धवट राहिलेले पॅकेज आधी पुरे करा, असे ती म्हणते. पुरे करायला जागा नाही, आणि जागा करायला गेले तर ती पुन्हा तेच म्हणते. येथे तिच्या खालच्या पातळीवर काम करणारा ‘डीपीकेजी’ उपयोगी पडतो. ‘डीपीकेजी -एल’ने कर्नेलच्या पॅकेजेसची यादी काढावी, चालू कर्नेल सोडून सर्वांत जुने निवडावे, आणि तेवढेच, त्याला जोडलेल्या मोड्यूल्सच्या पॅकेजसह, पूर्ण नावाने पर्ज करावे. तेही अडले तर सर्वांत जुन्या कर्नेलची इनिटआरडी फाईल पुसू नये, तात्पुरती दुसऱ्या विभागात हलवावी आणि मग पर्ज करावे. एवढी जागा झाली की ‘एपीटी -एफ इन्स्टॉल’ अर्धवट काम पुरे करते. ते यशस्वी झाल्याचे पाहिल्यावरच यंत्र पुन्हा सुरू करावे.

कधी कधी ‘डीएफ -एच’ भरपूर जागा दाखविते, तरीही जागा नाही असाच संदेश येत राहतो. त्या वेळी ‘डीएफ -आय’ द्यावी. डिस्कवर फाईलींच्या संख्येलाही मर्यादा असते. प्रत्येक फाईलीमागे एक आयनोड खर्ची पडतो. कर्नेलच्या हेडर्स पॅकेजमध्ये हजारो छोट्या फाईली असतात. जुनी हेडर्स साचली की जागा संपण्याआधी आयनोड संपतात. हेडर्स काढली की दोन्ही सुटतात.

उबुंटूमध्ये स्नॅप नावाची दुसरी पद्धतही आहे, आणि ती प्रत्येक स्नॅपची मागील आवृत्ती राखून ठेवते. ‘स्नॅप लिस्ट’ला ‘ऑल’ हा पर्याय जोडला की बंद पडलेल्या आवृत्त्या दिसतात, व त्या एकेक काढता येतात. रेड हॅटच्या घराण्यातील अल्मा, रॉकी यांसारख्या प्रणालींत कर्नेलचा प्रश्न फारसा येत नाही. तेथील ‘डीएनएफ’ मुळातच तीन कर्नेले ठेवून चौथे आले की सर्वांत जुने काढतो.

सफाई करूनही न सुटणारा एक प्रकार आहे. प्रणालीची आवृत्तीच कालबाह्य झालेली असते. सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ रोजी संपली. उबुंटू २०.०४ चा सर्वांना मिळणारा नेहमीचा आधार मे २०२५ मध्ये संपला. अशा सर्व्हरवर जुनी पॅकेजेस काढून पाच जीबी मिळतील, पण जी शिल्लक राहतील तीही जुनीच असतील आणि त्यांत सापडणाऱ्या सुरक्षेच्या चुका दुरुस्त होणार नाहीत. तेथे सफाईचे श्रम न घेता नव्या इन्स्टॉलेशनची तयारी करावी. त्या वेळी ‘बूट’ विभागाला दोन जीबी द्यावेत, डेस्कटॉप बसवू नये, आणि स्कॅन केलेल्या पानांसाठी स्वतंत्र डिस्क ठेवावी, म्हणजे पॅकेजेस कितीही वाढली तरी त्या पानांच्या जागेशी त्यांचा संबंध येणार नाही. आज हजार-दोन हजार जीबीची डिस्क संगणकाच्या कोणत्याही दुकानात मिळते. खरेदीच्या मागणीपत्रात ती एक ओळ वाढवावी लागते, इतकेच.